थंड बाजारात पुण्यात नवा फ्लॅट घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजार थंडावला की मला येणारे फोन वाढतात. २०१९ साली, अशाच एका मंदीत, मी पुण्याच्या पश्चिम भागात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. ताबा ठरलेल्या तारखेनंतर बावीस महिन्यांनी मिळाला. त्या बावीस महिन्यांत करारनामा, महारेराचं (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाचं) पान, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) हे सगळं नीट वाचायला शिकले आणि तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक कागद घेऊन येतात. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे आणि नियम महाराष्ट्राचे, उदाहरणं पुण्याची.

१. मंदी आहे म्हणतात, मग भाव उतरलेले का दिसत नाहीत?

कारण बिल्डर बोर्डावरचा रेट सहसा उतरवत नाही. रेट उघडपणे कमी केला तर आधी बुकिंग केलेले लोक फरक मागत दारात उभे राहतात, आणि प्रकल्पावर कर्ज देणारी संस्थाही हिशेब विचारते. म्हणून सूट आडवाटेने येते. कुठे स्टॅम्प ड्युटी बिल्डर भरतो, कुठे पार्किंग सोडतो, कुठे मजल्याचे वाढीव पैसे घेत नाही.

पुण्या-मुंबईने हे २०१६ ते २०२० मध्ये पाहिलं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी, १ मे २०१७ ला रेरा हा घर खरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, दोन महिन्यांत जीएसटी आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था कोसळल्यावर बिगरबँक वित्तसंस्थांकडून बिल्डरांना मिळणारा पैसा आटला. त्यावर कोविड आला. त्या काळात लोकांचं जास्त नुकसान भाव पडल्याने झालं नाही. अर्ध्यावर थांबलेल्या इमारतींनी झालं. मंदीत घर घेताना भीती बाळगायची ती याची : बिल्डरचे पैसे संपण्याची. खालची बहुतेक उत्तरं त्याच भोवती फिरतात.

२. आणखी थांबू की आत्ताच घेऊ?

हिशेब मांडून बघा. ८० लाखांचा फ्लॅट, ६४ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता महिना सुमारे ५५,५०० रुपये येतो. पहिल्या वर्षी त्यातले जवळपास ५.४ लाख नुसतं व्याजात जातात. तशाच फ्लॅटचं भाडं महिना २० हजार धरलं तर वर्षाचे २.४ लाख होतात. म्हणजे भाव स्थिर असताना वर्षभर थांबण्याने नुकसान होत नाही, उलट हाताशी रक्कम जमते.

त्यामुळे “ही ऑफर गुढीपाडव्यापर्यंतच” या वाक्याला घाबरू नका. पाडवा गेला की अक्षय्य तृतीया येते, मग दसरा. ज्यांना मुलांच्या शाळेसाठी किंवा आईवडिलांना जवळ आणण्यासाठी घर हवंच आहे, त्यांनी घ्यावं. पण घाई विक्री करणाऱ्याची आहे, ती आपल्या अंगावर घेऊ नये.

३. तयार घर घ्यावं की बांधकाम चालू असलेलं?

थंड बाजारात माझं मत स्पष्ट आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेलं घर परवडत असेल तर तेच घ्या. ओसीनंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असताना तो ५ टक्के लागतो. परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. इथे पुणेकरांना एक फायदा आहे : जीएसटीच्या यादीत पुणे ‘मेट्रो’ शहर नाही, त्यामुळे कार्पेट (फ्लॅटच्या आतलं क्षेत्र, प्रश्न १० पाहा) ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का चालतो. मुंबई महानगर प्रदेशात ही मर्यादा ६० चौरस मीटरची आहे.

बांधकाम चालू असलेल्या घरात भाडं आणि हप्ता दोन्ही एकाच वेळी भरावे लागतात, तेही धरा. तरीही तेच घ्यायचं असेल तर निदान शेवटचा स्लॅब पडलेली इमारत निवडा. तयार पण बरीच वर्षं न विकलेल्या घरांचं वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

४. प्रकल्पाला महारेरा नंबर आहे. मग काळजी कशाची?

नंबर म्हणजे नोंदणी. प्रकल्प पूर्ण होईलच याची ती हमी नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून ते जमीन आणि बांधकामावरच खर्च करायचं बंधन कायद्यात आहे. जुलै २०२४ पासून महारेराने एका प्रकल्पाची तीन खाती सक्तीची केली : सगळे पैसे ज्यात जमा होतात ते, ७० टक्क्यांचं, आणि उरलेल्या ३० टक्क्यांचं. तुमचा धनादेश पहिल्या खात्याच्या नावानेच निघाला पाहिजे. दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नावाने मागितला तर तिथेच थांबा.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून चार गोष्टी बघा. पूर्णत्वाची मूळ तारीख काय होती आणि ती किती वेळा पुढे ढकलली. किती फ्लॅट विकले गेलेत. दर तिमाहीची माहिती वेळेवर भरली आहे का. आणि प्रकल्प कुणाकडे गहाण आहे. गहाण असणं गैर नाही, पण मग त्या वित्तसंस्थेचं तुमच्या फ्लॅट क्रमांकासाठीचं ना हरकत पत्र हातात पाहिजे.

“अमुक बँकेने प्रकल्प मंजूर केलाय” हेही लोक फार ऐकवतात. बँकेचा वकील जमिनीचे आणि परवानगीचे कागद तपासतो. इमारत उभी राहील का, याची जबाबदारी बँक घेत नाही. आणि ‘प्री-लाँच’ म्हणून नोंदणीआधीच धनादेश मागणारा कायदा मोडतोय, मग ऑफर कितीही गोड असो.

५. बिल्डरकडे पैसे आहेत की संपत आलेत, हे बाहेरून कसं कळणार?

साइटवर जा, पण रविवारी नको. रविवारी सॅम्पल फ्लॅट, फुगे आणि कॉफी असते. मंगळवारी-बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला जा. फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घ्या आणि साइटवर रोज किती चहा जातात ते विचारा. बिगारी, सेंट्रिंगवाले, फिटर किती आहेत याचा इतका खरा आकडा सेल्स ऑफिसात मिळणार नाही.

मग वर बघा. काम चालू असेल तर कॉलममधून वर आलेल्या सळ्या थोड्या दिवसांत काँक्रीटमध्ये जातात. माझ्या इमारतीत सातव्या स्लॅबच्या वर त्या पावसाळाभर तशाच उभ्या होत्या, नारिंगी झालेल्या, आणि पावसाचं पाणी उतरून खालच्या काँक्रीटवर गंजाचे ओघळ आले होते. मी दोन वेळा पाहून आले. मला वाटलं, पावसामुळे काम थांबलं असेल. शेजारच्या प्लॉटवर त्याच पावसात दर पंधरा-वीस दिवसांनी स्लॅब पडत होता, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. आज कुणाला घेऊन जाते तेव्हा आधी शेजारची साइट दाखवते.

तीन आठवड्यांच्या अंतराने एकाच कोपऱ्याचे दोन फोटो काढा. शेवटचा स्लॅब कधी पडला ते विचारा आणि महारेराच्या तिमाही माहितीशी ताडून बघा. आणखी एक खूण : “सगळे पैसे आत्ता भरलेत तर मोठी सूट.” ज्याला बँक स्वस्तात पैसे देते तो ग्राहकाला अशी सूट कशाला देईल?

६. खरा भाव कसा शोधायचा? सेल्सवाला वेगळा सांगतो, मित्र वेगळा सांगतो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ मोफत आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक टाका. त्या जमिनीवर नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण म्हणतो ती इंडेक्स टू, उघडता येते. त्यात ‘मोबदला’ हा प्रत्यक्ष ठरलेला भाव आणि ‘बाजारभाव’ हा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा आकडा. क्षेत्रफळ बहुतेकदा चौरस मीटरमध्ये असतं. त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात.

मध्यंतरी एका जोडप्याबरोबर रात्री बसून आम्ही एका विंगचे सहा-सात महिन्यांचे दस्त काढले. मोठ्या वहीत मजला, क्षेत्रफळ, मोबदला, तारीख असे रकाने आखले. एकाच आकाराचे तीन फ्लॅट, सांगितलेल्या किमतीपेक्षा सहा-सहा लाखांनी कमी. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन सेल्स ऑफिसात गेले. वाद घातला नाही, फक्त पान उघडून टेबलावर ठेवलं. मॅनेजर आत जाऊन आला आणि रेट बदलला.

फक्त जुने दस्त आणि ताजे दस्त मिसळू नका. मंदीआधीच्या बुकिंगचे करार नंतर नोंदलेले असू शकतात.

७. रेट कमी करत नाहीत, पण मॉड्युलर किचन, एसी, स्टॅम्प ड्युटी देतात. घ्यावं का?

शक्य असेल तिथे सूट करारनाम्यातल्या किमतीत मागा. तीन लाखांचं किचन मिळण्यापेक्षा किंमत तीन लाखांनी उतरली तर त्यावरची ७ टक्के स्टॅम्प ड्युटी आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३६ हजार वाचतात. शिवाय किचन कसलं मिळेल ते ताब्याच्या दिवशी कळतं.

याला एक अपवाद मी मनापासून सांगते. ज्यांच्याकडे रोख रक्कम कमी आहे त्यांना ‘स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून’ ही सूट जास्त उपयोगी पडते, कारण एवढ्या किमतीच्या घराला बँक स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाही. तो खिशातूनच जातो. ८० लाखांवर ते ५.६ लाख होतात. मात्र जे काही ठरेल ते करारनाम्यात किंवा सही-शिक्क्याच्या पत्रात लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो मॅडम’ लिहिणारा सेल्सवाला सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

८. फारच स्वस्त मिळाला तर त्यात काही अडचण आहे का?

आहे, आणि ती मंदीतच उद्भवते. स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा दर यांतल्या मोठ्या रकमेवर लागते. बाजार थंड असला तरी सरकारी दर वाढू शकतात. १ एप्रिल २०२५ ला ते वाढले होते. म्हणजे भाव रेकनरच्या खाली गेला तरी मुद्रांक वरच्याच आकड्यावर भरायचा.

दुसरी अडचण प्राप्तिकराची. रेकनरचं मूल्य तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर मधला फरक तुमचं उत्पन्न समजून त्यावर कर लागू शकतो. कोविडच्या काळात, १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१, बिल्डरकडून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या २ कोटींपर्यंतच्या घरांना ही मर्यादा २० टक्के केली होती. ती सवलत संपली. तेव्हा सौदा पक्का करण्याआधी त्या इमारतीचं रेकनर मूल्य काढून घ्या. दुय्यम निबंधकाकडे काम करणारा कुठलाही वकील ते पाच मिनिटांत काढून देतो.

९. “ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही” ही योजना चांगली आहे का?

मी कुणालाच सुचवत नाही. यात कर्ज तुमच्या नावावर निघतं, पैसा बिल्डरकडे जातो आणि हप्ते किंवा व्याज तो भरेन म्हणतो. तो थांबला की बँक तुमच्याकडे येते, सिबिल तुमचं बिघडतं, आणि घर तर झालेलं नसतं. दिल्लीजवळ हजारो कुटुंबं अशी अडकली. तिथल्या बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची चौकशी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या. गृहवित्त कंपन्यांना २०१९ मध्ये अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं गेलं.

‘१०:९०’ मध्ये मधल्या काळात कर्ज निघतच नसेल, म्हणजे आत्ता दहा टक्के आणि उरलेले सगळे ओसीनंतर, तर ती गोष्ट वेगळी आणि ग्राहकाच्या फायद्याची. नाव एकच असतं, म्हणून विचारायचं एवढंच : माझं कर्ज पहिल्यांदा कधी वितरित होणार?

१०. रेरा कार्पेट आणि ‘युजेबल कार्पेट’ यात फरक काय?

रेरा कार्पेट म्हणजे फ्लॅटच्या आतलं वापरातलं क्षेत्र, आतल्या भिंतींसह. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाहीत. ‘युजेबल’ हा विक्रीचा शब्द आहे. त्यात बाल्कनी, ड्राय बाल्कनी सगळं मिळवलेलं असतं. दोन प्रकल्पांची तुलना नेहमी रेरा कार्पेटवर करा. नमुना करारनाम्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. कमी भरलं तर तेवढे पैसे परत मिळतात.

११. पार्किंगचे वेगळे पैसे घेता येतात का?

उघड्या पार्किंगचे नाही. सोसायटीची सामाईक जागा बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मुंबईच्या एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं. झाकलेल्या पार्किंगचे पैसे घेता येतात. क्रमांक, लांबी-रुंदी आणि जागा करारासोबतच्या नकाशात दाखवायला लावा. ‘एक कार पार्क’ एवढंच लिहिलं असेल तर खांबाआडची जागा तुमच्या वाट्याला येते.

१२. किमतीवर वरखर्च किती धरायचा?

पुणे महापालिका हद्दीत ८० लाखांच्या, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा हिशेब : स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ५.६ लाख. नोंदणी शुल्क ३० हजार, ही कमाल मर्यादा आहे. जीएसटी ४ लाख. एकूण ९.९ लाख. खरेदीदार फक्त महिला असतील तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट, म्हणजे इथे ८० हजार. नवरा-बायको दोघांची नावं असली की ती मिळत नाही. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के आहे.

कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के देऊ शकते. म्हणजे इथे खिशातून १६ लाख अधिक ९.९ लाख, शिवाय वीजजोडणी, सोसायटी आणि आगाऊ मेंटेनन्स.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे. तो वाढीव खर्च नाही, किमतीतूनच कापायचा असतो. तुमच्या पॅनवर ऑनलाइन भरता येतो. विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क लागतं.

१३. टोकन दिलं आणि मन बदललं. पैसे परत मिळतात?

करारनामा नोंदण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊच शकत नाही. टोकन देतानाच अलॉटमेंट लेटर मागा. महारेराच्या नमुन्यानुसार ते पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कापायचं नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या एक टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर दोन टक्के. ‘टोकन नॉन-रिफंडेबल’ असं पावतीवर छापलं म्हणून तो कायदा होत नाही. रद्द करत असल्याचं ई-मेलने कळवा, फोनवर नको.

१४. करारनामा झाल्यावर भाव पडला. आता रद्द केला तर?

नुकसान होईल, फक्त त्याला मर्यादा आहे. गुरुग्राममधल्या एका प्रकल्पात खरेदीदारांनी बाजार पडल्यामुळे घर नाकारलं, तेव्हा कंपनीने करारातल्या कलमानुसार २० टक्के कापायला घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२५ ला दहा टक्केच कापण्याचा निर्णय कायम ठेवला आणि एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं सांगितलं. पण परत मिळणाऱ्या रकमेवरचं व्याज नाकारलं, कारण रद्द करण्याचं कारण मंदी होतं, कंपनीची चूक नव्हती. चूक बिल्डरची असेल तर प्रश्न १६.

१५. करारनाम्यात आधी काय वाचायचं?

ताब्याची तारीख. दिवस, महिना, वर्ष लिहिलेली, ‘साधारणपणे’ हा शब्द नसलेली. महारेराकडून बिल्डरने मुदतवाढ घेतली तरी तुमच्या करारातली तारीख तीच राहते, म्हणून तिचं मोल फार.

मग उशीर माफ होण्याची कारणं वाचा. कायद्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि अशा नैसर्गिक आपत्ती आहेत. काही करारात त्यापुढे ‘बाजारातील परिस्थिती’, ‘मजूर व साहित्याची टंचाई’ हेही घुसवलेलं असतं. ते काढायला सांगा. मंदी हे घर उशिरा देण्याचं कारण कायद्यात बसत नाही. थंड बाजारात ग्राहकाचं ऐकलं जातं, आणि ती संधी मी किमतीइतकीच याच पानावर वापरायला सांगते.

१६. ताबा लांबला तर माझा हक्क काय?

दोन मार्ग आहेत आणि निवड तुमची. बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्या, किंवा घर ठेवा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या आधारदरापेक्षा) दोन टक्के जास्त दराने मिळतं. पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. तक्रार महारेराकडे ऑनलाइन, शुल्क ५ हजार रुपये.

आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यात मात्र अंतर असतं. बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं आणि तिथे पाठपुरावा करावा लागतो. आम्ही अकरा जणांनी मिळून तक्रारी केल्या, सुनावणीला आळीपाळीने रजा काढल्या. एकट्याने केलं असतं तर मी मध्येच सोडून दिलं असतं.

१७. ओसी यायचीय, पण ‘फिट-आउटसाठी ताबा’ (आतल्या फर्निचरच्या कामापुरता) देतायत. घ्यावा?

नको. त्या पत्रावर सही केली की बिल्डर ‘ताबा दिला’ म्हणतो, उशिराचं व्याज त्या तारखेला थांबवायचा प्रयत्न करतो आणि मेंटेनन्सही सुरू करतो. ओसीशिवाय महापालिकेचं पाणी अडतं, मग टँकर. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्या पट्ट्यात ओसी मिळालेल्या इमारतीसुद्धा टँकरवर आहेत, तेव्हा जवळच्या सोसायटीत जाऊन उन्हाळ्याचं टँकरचं बिल विचारा.

विंगपुरती किंवा मजल्यांपुरती ओसी असेल तर तुमच्या फ्लॅटचा मजला त्यात लिहिलेला आहे का, हे मूळ पत्रात स्वतः वाचा.

१८. काम पूर्ण थांबलं किंवा बिल्डर दिवाळखोरीत गेला तर?

सगळ्यात आधी खरेदीदारांची संघटना करा. नोंदणी रद्द झाली किंवा तिची मुदत संपली तर उरलेलं काम हाती घेण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेचा आहे. प्रकल्प दुसऱ्या बिल्डरकडे द्यायचा तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. तेव्हा कोऱ्या संमतीपत्रावर आधीच घेतलेल्या सह्यांपासून सावध राहा.

दिवाळखोरी कायद्यात २०१८ पासून घर खरेदीदार वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखेच पैसे दिलेले देणेकरी, मानले जातात. स्वतःहून अर्ज करायचा तर एकाच प्रकल्पातले १०० खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. दुसऱ्या कुणी अर्ज केला असेल तर तुमचा दावा मुदतीत दाखल करा. वर्तमानपत्रातली ती छोटी जाहिरात अनेकांच्या नजरेतून सुटते.

हप्ते थांबवू का, हेही विचारतात. बँकेचे थांबवू नका. बिल्डरचा पुढचा टप्पा मात्र काम झाल्याशिवाय देऊ नका आणि बँकेलाही लेखी कळवा की साइटची पाहणी केल्याशिवाय पैसे सोडू नयेत.

१९. इमारत चार वर्षं जुनी, सोसायटीही झालीय, पण बिल्डर न विकलेला फ्लॅट ‘नवा’ म्हणून देतोय. काय बघायचं?

अशी घरं मंदीत भरपूर निघतात आणि त्यांतली काही खरंच चांगली असतात. ओसी आहे, शेजारी राहताहेत, लिफ्ट चालते. बांधकामातल्या दोषांची बिल्डरवरची पाच वर्षांची जबाबदारी कायद्यात ताब्याच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या करारात ती तुमच्या ताब्यापासून असल्याचं स्पष्ट लिहून घ्या. बंद घरात बाथरूमच्या भिंती, खिडक्यांच्या खालची बाजू आणि वरच्या फ्लॅटखालचं छत बघा. शक्य असेल तर पावसाळ्यात. नळ दहा मिनिटं चालू ठेवून खालच्या मजल्यावर जा, तिथल्या बाई ओल कुठे येते ते दाखवतील.

मग सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. बऱ्याच बिल्डरांनी न विकलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स वर्षानुवर्षं भरलेला नसतो आणि सोसायटी ती थकबाकी नव्या सभासदाकडे मागते. पहिल्या विक्रीला सोसायटीची परवानगी लागत नाही, हे बिल्डरचं म्हणणं बरोबर आहे. तरीही करारनामा नोंदण्याआधी सोसायटीच्या लेटरहेडवर, त्या फ्लॅट क्रमांकाची बाकी किती आहे आणि ती बिल्डर भरणार आहे, असं सेक्रेटरी आणि बिल्डर दोघांच्या सह्यांचं पत्र घ्या. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हस्तांतरण, सोसायटीच्या नावावर झालंय का, तेही त्याच भेटीत विचारा.

२०. आम्ही दुबईत असतो. करारनाम्यासाठी यावं लागेल?

नाही. भावाला किंवा आईवडिलांना कुलमुखत्यारपत्र देता येतं. ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या. त्यात फ्लॅट क्रमांक, जास्तीत जास्त किंमत आणि ‘फक्त खरेदीसाठी’ एवढेच अधिकार लिहा. पैसे एनआरई किंवा एनआरओ खात्यातून द्या. फ्लॅट अनिवासी भारतीयांना घेता येतो, शेतजमीन आणि फार्महाऊस नाही.

मुखत्यार जो कोणी असेल त्याला प्रश्न ५ मधली साइटची फेरी मारायला सांगा. परदेशातल्या ग्राहकाला व्हिडिओ कॉलवर सॅम्पल फ्लॅट दाखवतात. तुमचा भाऊ बुधवारी सकाळी फाटकाबाहेर उभा राहून कॉल लावेल, तो बघा.